मोजे काढा, दर्शन घ्या

पहाटे साडेचारचा गजर लावा. स्वतःच्या नव्हे, मित्राच्या मोबाइलवर. बिचारा चार दिवसांची रजा टाकून अंबरनाथहून नाशिकला तुमच्याकडे आलाय, जानेवारीची थंडी अनुभवायला. ती काय दहा वाजता उठून, गच्चीत उन्हाला बसून, गूळ-शेंगदाणे खात अनुभवायची असते का? पाहुणा आला की त्याला देवळं दाखवायची असतात, आणि देवळं एका दिवसात किमान सात व्हायला हवीत. सहा झाली तर नातेवाइकांना सांगायला तोंड राहत नाही.

चहा देताना निफाडचा पारा सांगायला विसरू नका. तिकडे आकडा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या करून बसतात, मणी तडकू नयेत म्हणून. तुम्ही मात्र तो आकडा असा सांगा, जणू तुम्हीच तो उतरवून आणलाय. तुमच्या घरापासून निफाड तासाभरावर आहे आणि आजवर तिथे तुम्ही फक्त रेल्वेच्या खिडकीतून गेला आहात, हे पाहुण्याला माहीत नसतं. मित्र म्हणेल, "आमच्याकडे अठरा झालं की लोक स्वेटर काढतात रे." यावर नुसतं हसा. तुमच्या अंगात आतून दोन बनियन आहेत, ते सांगायचं नाही.

पहिला मुक्काम त्र्यंबकेश्वर. तीसेक किलोमीटरचा रस्ता, धुकं, आणि तुम्ही काच थोडी उघडी ठेवलेली, कारण शुद्ध हवा. तिथे पोचल्यावर खरा विषय सुरू होतो, तो म्हणजे मोजे. चपला-बूट काढायचे हे सगळ्यांना मान्य आहे, वाद मोज्यांचा. रांगेत पुढचे चौघे खुशाल मोज्यांवर उभे असतील. तरी तुम्ही मित्राला सांगा, "मोजे चालत नाहीत." कुठे लिहिलंय असं विचारलं तर म्हणा, "लिहायला कशाला लागतं?"

मग तो वाकतो, एका पायावर लंगडी घालत मोजे काढतो, त्यांची गुंडाळी करून खिशात कोंबतो आणि पाऊल टाकतो. फरशीवर नुकतंच पाणी मारलेलं असतं. काळा दगड रात्रभर गारठलेला. त्या क्षणी माणसाच्या तोंडून जो शब्द निघतो तो देवळात उच्चारण्याजोगा नसतो. त्याचे पाय बघा: अंगठे वर, टाचा वर, सगळा भार मधल्या कुठल्यातरी दोन बोटांवर. हीच वेळ आहे इतिहास सांगायची. हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, काम 1755 मध्ये सुरू झालं, पुरं व्हायला तीस-एक वर्षं लागली. हे सावकाश सांगा, रांग हलत नसताना. आत गेल्यावर पिंडीच्या जागी खळगा, त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेश. ती दिसेपर्यंत मागून धक्का येतो. तुम्ही बाहेर येऊन विचारायचं, "दिसली ना तिन्ही?" आजवर या प्रश्नाला कुणी नाही म्हटलेलं नाही.

ओल्या पायांवर मोजे चढवायला लावा. दिवसभर पुरतात.

पंचवटीत फार रेंगाळू नये. रामकुंडावर थांबून मित्राला म्हणा, "मार एक डुबकी, सगळी पापं धुऊन निघतात." आणि टॉवेल धरून स्वतः कोरड्या पायरीवर उभे राहा. कुणीतरी टॉवेल धरायला हवंच. तो नाही म्हणाला तर कपालेश्वराला न्या आणि नंदी शोधायला सांगा. पाच मिनिटं तो शोधेल. मग हळूच सांगा, हे नंदी नसलेलं महादेवाचं देऊळ! ब्रह्महत्येचं पाप फेडायला रामकुंडात स्नान कर, असा सल्ला नंदीने दिला, म्हणून महादेवाने त्याला गुरू मानलं; आता गुरूला समोर बसवणार कसं? कथा ऐकून मित्र म्हणाला, "म्हणजे इथे सल्ला देणारा पाण्यात उतरतच नाही का?" तर ते मनाला लावून घेऊ नका, पुढे चला.

काळाराम मंदिर सात मिनिटांत. याच दारांशी 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे पाच वर्षं लोक येऊन उभे राहत होते आणि दार उघडलं नाही. हे सांगायचं तर थांबावं लागतं, गाडी तर अशी लावलीय की मागचा हॉर्न मारतोय. शिवाय पाहुण्याचा मूड जातो. त्यापेक्षा सेल्फी काढा.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. काळा दगड दिसला की "हेमाडपंती" म्हणायचं. यादवांचं असो, पेशव्यांचं असो, गेल्या वर्षी सोसायटीने बांधलेलं असो. चुना नाही, दगडावर दगड, खलास. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, यादवांच्या दरबारी आला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्याच्या नावावर जी देवळं आपण खपवतो त्यातली कितीतरी त्याच्या आधीची आहेत, असले तपशील अभ्यासकांना लखलाभ. आपल्याला संध्याकाळपर्यंत सिन्नर गाठायचंय.

सिन्नर त्र्यंबकच्या बरोबर उलट दिशेला आहे. म्हणून तर शेवटी ठेवायचं. पोचेपर्यंत साडेचार वाजतात आणि मित्राने बोलणं सोडलेलं असतं. गोंदेश्वराच्या आवारात शिरताच तुम्ही सुरू करा: पंचायतन, मध्ये महादेव, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती, पाचही देवळं एकाच जोत्यावर, हेमाडपंती. तो बूट काढेल, सवयीने मोजेही काढेल, अंगठे वर करून पाऊल टाकेल, आणि थांबेल.

दगड गरम असतो. दिवसभर उन्हात तापलेला, हवा गार व्हायला लागलेली आणि पायाखाली तव्यासारखी ऊब. मित्र पश्चिमेच्या बाजूला जाऊन जोत्याच्या कडेला बसतो, तळवे दगडाला टेकवून. मोजे शेजारी बुटांवर वाळत घालतो. आता उठवणं अवघड. "गाभाऱ्याबाहेर मकरमुखातून अभिषेकाचं पाणी पडतं ते बघ," म्हणा. "ऐश्वर्येश्वराचं देऊळ राहिलंय," म्हणा. तो वर शिखराकडे बघत बसतो. लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी, वर चढताना बारीक होत गेलेल्या, मधून तळापासून कळसाकडे जाणारी नक्षीची पट्टी. एवढा वेळ सबंध दिवसात त्याने काहीच बघितलेलं नसतं. तुम्हीही नसतं, पण तुमचं काय, तुम्ही इथलेच.

"असलंच एक आमच्याकडे आहे," तो म्हणतो. "वालधुनी नदीच्या काठी. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं."

"असलंच म्हणजे?"

"असंच शिखर. पडलंय अर्धं. शिलालेख 1060 सालचा आहे म्हणतात."

"मग हेमाडपंतीच ते," तुम्ही म्हणा. दोनशे वर्षांचा फरक पडतो, पडू द्या. "आत कसं आहे?"

"गेलो नाही कधी. कुणी पाहुणा आला की जाऊ म्हणतो."

ऊन कळसावर सरकलेलं असतं. घड्याळ दाखवा, चारच देवळं झालीत म्हणा, अजून तीन बाकी आहेत म्हणा. तो बोटांनी मोजे चाचपून बघेल.

"थांब रे. टाचेला ओले आहेत अजून."