चेहरा लाल होणे म्हणजे दारूपासून संरक्षण नव्हे

अमेरिकेतील बहुवंशीय कुटुंबांविषयी असे सांगितले जाते, की आईवडिलांपैकी एक जण पूर्व आशियाई वंशाचा असला तर मुलांचा चेहरा दोन घोटांतच लाल होतो, आणि म्हणून अशा मुलांना दारूबाबत वेगळे काही समजावण्याची गरज नसते. हे अर्धसत्य आहे.

ही लाली ज्या जनुकप्रकारामुळे येते, त्याची एकच प्रत मिळाली तरी दारू पचताना शरीरात तयार होणाऱ्या ॲसिटाल्डिहाइड या विषारी घटकाचा निचरा मंदावतो. मात्र पालकाकडे एकच प्रत असल्यास ती मुलात उतरण्याची शक्यता निम्मीच असते, आणि कित्येक पूर्व आशियाई पालकांकडे ती मुळीच नसते. हा प्रकार असलेले लोक सरासरीने कमी पितात हे खरे, परंतु त्रास सोसून पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका उलट वाढतो. ॲलर्जीच्या गोळ्यांनी लाली झाकता येते, विष नाही.

शिवाय 2020 च्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवणारे अमेरिकी सुमारे 3 कोटी 38 लाख होते. त्यांतील अनेकांचा पूर्व आशियाशी संबंधच नाही. 21 वर्षांखालील मुलांशी घरात स्पष्ट बोलणे, नियम ठरवणे आणि चौकशी ठेवणे प्रत्येक कुटुंबाला लागू आहे.