शॉक दाबणे, ४ नग

काल गॅरेजवाल्याने बिलात एक ओळ घातली: 'शॉक दाबणे, ४ नग, ६०० रुपये.' बाकीचं बिल मला मान्य आहे. जाम झालेला नट ग्राइंडरने कापला, घे बाबा पैसे. बुश बदलले, घे. पण शॉक, म्हणजे गाडीची उसळी आवरणारे शॉकअप, दाबायचे सहाशे मी का द्यायचे? ते उघडले कुणी? एका काकांनी. त्या काकांचा माझ्या गाडीशी, त्या गॅरेजशी, किंबहुना चारचाकी या विषयाशीच काडीचा संबंध नव्हता.

गाडी म्हणजे जुनी जिप्सी. ही १९८५ साली बाजारात आली, २०१९ साली बंद झाली, आणि मधल्या सगळ्या काळात पुढे-मागे पाट्यांवरच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरच, राहिली. मागे समोरासमोर दोन बाक. त्या बाकावर बसून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आलेल्या माणसाला गड चढायची इच्छा उरत नाही. हे झालं शॉकअप धड असतानाचं.

लोकांना वाटतं शॉकअप गाडीचं वजन उचलतो. वजन पाटे उचलतात. पाटा एकदा दबला की उसळतो, पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. त्याला गप्प बसवणं एवढंच शॉकचं काम. आत दट्ट्या तेलातून खाली-वर होतो, तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि उसळीची उष्णता होऊन जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकला हात लावून बघा. म्हणजे, नका लावू. माझ्या शॉकमधलं तेल केव्हाच बाहेर येऊन धुळीत मिसळलं होतं. बंपर दाबून सोडला की गाडीने एकदा वर येऊन थांबायला हवं. माझी बराच वेळ होकार देत राहायची. टायरवर जागोजागी खळगे पडले. बायको आधी मागे बसेनाशी झाली, मग पुढे.

त्यात आधीच्या मालकाची करामत. त्याने उंच पाटे घालून गाडी दोन इंच वर घेतली आणि शॉक मात्र मूळ लांबीचेच ठेवले. चाक खड्ड्यात उतरलं की पाटा पूर्ण खुलायच्या आधी शॉकची लांबी संपायची आणि सगळा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, खाडकन शॉकला लटकायचा. तेव्हा नुसते नवे नव्हे, लांब शॉक हवे होते. उघडी लांबी, मिटलेली लांबी, दोन्ही मापं कागदावर लिहून नाना पेठेत गेलो. दुकानदाराने कागद न बघता विचारलं, "गाडी ठेवायचीय की विकायचीय?" ठेवायचीय म्हटल्यावर त्याने आतून गॅसचे आणले. किंमत घरी सांगताना त्यातलं एक शून्य वाटेत कुठे तरी पडलं.

गॅस म्हणजे आत नायट्रोजन भरलेला असतो, तेलाला फेस येऊ नये म्हणून. त्या गॅसच्या दाबाने दांडा सतत बाहेर यायला बघतो. म्हणून असे शॉक दाबून, वर काळी प्लास्टिकची पट्टी बांधून येतात. पट्टी शॉक गाडीला लागल्यावर कापायची. लागल्यावर.

धायरीच्या पुढे गॅरेज. मिस्त्री गाडीखाली, त्याच्या हाताखालचा पोरगा पान्ने शोधतोय, आणि एकुलत्या एका प्लास्टिकच्या खुर्चीवर काका. अर्धी चड्डी, पांढरे बूट, कानटोपी. स्कूटरला आरसा बसवायला आले होते. आरसा बसून झाला होता. काका बसूनच होते.

"कितीला घेतले?" त्यांनी खोक्याकडे बोट दाखवलं.

मी तेच एक शून्य गाळून आकडा सांगितला.

"फसवलं तुम्हाला," काका म्हणाले. खरा आकडा कळला असता तर त्यांनी बहुधा पोलिसात नेलं असतं. "आणि मुळात पाटे असताना शॉकअप कशाला लागतात? बैलगाडीला असतात का?"

"बैलगाडी साठच्या वेगाने जात नाही, काका."

"मग तुम्ही कशाला जाता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिस्त्री गाडीखालून हसला. काकांनी लगेच सूत्रं हातात घेतली. "अहो साहेब, पोरं राबतायत, चहा तरी सांगा." मी टपरीवर गेलो. तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचं सुट्ट्या पैशांवरून भांडण चाललं होतं, ते संपेपर्यंत थांबलो. परत येतो तो तीन नवे कोरे शॉक भिंतीला टेकून आपापल्या पूर्ण उंचीला पोचलेले, आणि चौथा काकांच्या मांडीवर. त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नेलकटर, नेलकटरला करंगळीएवढं पातं. त्या पात्याने ते पट्टी कापत होते. घाई नव्हती, चिडचिड नव्हती. नातवंडाला संत्रं सोलून द्यावं तसं चाललं होतं. टक्कन पट्टी तुटली आणि काकांच्या मांडीवरून दांडा सावकाश बाहेर सरकू लागला. काका त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"पॅकिंग काढून ठेवलं," ते म्हणाले. "तेवढीच मदत."

गाडीखालून मिस्त्रीचं डोकं बाहेर आलं. त्याने चारी शॉक पाहिले, मला पाहिलं, आणि डोकं परत आत नेलं. आतून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चॅसिस उचलून अ‍ॅक्सल लोंबता सोडला तरी शॉक दोन बोटं लांब पडत होता. दाबून धरायचा, तेवढ्यात मिस्त्रीने शॉकचा खालचा डोळा, म्हणजे टोकाची कडी, जागेवर सरकवायचा. पोरगा शॉकवर ओणवा झाला. किडकिडीत पोरगा, शॉकने त्याची दखल घेतली नाही. "सरक," काका म्हणाले. कानटोपी काढली. दोन्ही तळवे टेकले आणि सगळं पोट वरून सोडलं. खरं सांगतो, शॉक दबला. आत तेल असल्यामुळे अगदी बेताबेताने दबला, आणि काकाही त्याच बेताने खाली गेले. "आलं, आलं, सोडू नका!" मिस्त्री ओरडला.

काकांचा फोन वाजला.

त्यांनी एक हात काढला. शॉक त्यांना दुसऱ्या हातासकट वर घेऊन आला.

"बोला," काका फोनवर म्हणाले. "हो, हो. दुसऱ्या गेटपाशी पण टाका एक. काय? उंच? अहो, उंच हवाच, नाही तर लोक थांबतात का!"

फोन ठेवल्यावर मी विचारलं. काका सोसायटीचे चेअरमन. ज्या रस्त्यावरून मी रोज येतो-जातो, तिथला तो स्पीडब्रेकर, ज्यावर दुचाकीचे पेट्रोलही दचकत असेल, तो काकांनी करून घेतलेला. "काँट्रॅक्टरने पिटुकला केला होता. मी उभं राहून वर आणखी एक थर टाकायला लावला."

आता इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने गतिरोधक कसा असावा ते छापून ठेवलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी नीट चढून नीट उतरावी. त्याच्या अलीकडे फलक हवा, वर पट्टे हवेत. आमच्याकडे तो हातभर रुंद, मापाला वीट आणि रात्री अदृश्य. हे टाकतं कोण, परवानगी देतं कोण, याचा पत्ता लागत नाही. विचारायला गेलं की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. या गाडीचा रोड टॅक्स केव्हाच भरलेला. पंधरा वर्षं उलटल्यावर नोंदणी वाढवताना मी पर्यावरण कर भरला. त्या पैशांचा जो काही रस्ता झाला असेल, त्यावर काकांनी एक थर चढवला. त्या थराने माझे शॉक खाल्ले, नव्या शॉकच्या पट्ट्या काकांनी कापल्या, आणि कापलेले शॉक दाबायचे पैसे मी दिले. या सगळ्यात फुकट राबणारा समाजसेवक म्हणून लोक कुणाचं नाव घेतात? मिस्त्रीनेसुद्धा शेवटी चहाचा पहिला ग्लास त्यांनाच दिला. चहाचे पैसे माझे.

शेवटी दोरी गुंडाळून, पोरगा आणि मी लोंबकळून, चारी शॉक बसले. बंपर दाबला. गाडी वर आली आणि थांबली. फार दिवसांनी तिला 'नाही' म्हणता आलं. मिस्त्रीने बजावलं की एक चक्कर मारून आणा, मग नट पुन्हा आवळतो.

"चला," म्हणत काका पुढच्या सीटवर चढले. स्कूटर गॅरेजलाच राहू दे म्हणाले, संध्याकाळी नातू नेईल. वाटेत खड्डे आले. पूर्वी एका खड्ड्याची उसळी पुढच्या खड्ड्यापर्यंत पुरायची. आता खड्डा खड्ड्यातच संपत होता. जिप्सी काही गादी झाली नव्हती, कडक होती ती कडकच, पण स्टिअरिंग हातात होतं. काका काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं असावं.

सोसायटीच्या अलीकडे त्यांनी हात वर केला. "इथेच थांबवा. पुढे तो स्पीडब्रेकर आहे. माझ्या मणक्याला नाही चालत."

उतरले. दार आपटलं. दोन पावलं जाऊन परत आले आणि खिडकीत वाकून म्हणाले, "मागचा डावा शॉक बघून घ्या हो एकदा. आवाज येतोय."

आवाज येत नव्हता. घरी पोचेपर्यंत मला तो स्पष्ट ऐकू येऊ लागला.