८० वर्षांच्या डिलनने ड्रम काढून टाकले, आणि बरं केलं

मोठ्या गायकाने उतारवयात आपलीच जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली की मला आधी संशय येतो. नवं काही सुचत नसतं, नाहीतर कंपनीला काहीतरी द्यायचं असतं, नाहीतर जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क भलत्याकडे असतात. बहुतेक वेळा यातलंच एक कारण निघतं. त्यात तो अल्बम सिनेमाचा साउंडट्रॅक असेल तर संशय दुप्पट. पॉल मॅकार्टनीने १९८४ मध्ये 'गिव्ह माय रिगार्ड्स टू ब्रॉड स्ट्रीट' हा सिनेमा केला आणि त्यासाठी बीटल्सची काही गाणी नव्याने गायली. गाण्यांचा निर्माता खुद्द जॉर्ज मार्टिन, बीटल्सचाही तोच, म्हणजे कसर कशाचीच नाही. सिनेमा सपशेल आपटला. अल्बम इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते 'नो मोअर लोनली नाइट्स', म्हणजे नवं गाणं. 'एलिनॉर रिग्बी' ऐकायची हुक्की आली की माणूस बीटल्सचं १९६६ चंच लावतो. मॅकार्टनी तेव्हा ४२ वर्षांचा होता. गळा तोच, उमेद तीच, गाण्यांपासून तो पुरेसा लांबही गेला नव्हता. मग परत गायचं कशाला?

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या 'शॅडो किंगडम' या अल्बमबद्दल म्हणूनच लिहावंसं वाटलं. इथे माझा संशय टिकला नाही.

थोडी पार्श्वभूमी. जून १९८८ पासून हा माणूस जवळपास अखंड दौऱ्यावर. डिसेंबर २०१९ नंतर कोविडमुळे ते थांबलं. जून २०२१ मध्ये जाहिरात झाली की जुलैत डिलनचा कार्यक्रम ऑनलाइन दिसणार, तिकीट काढा. लोकांनी लाइव्ह मैफिलीच्या आशेने काढलं. पडद्यावर आला तो अल्मा हारेल या दिग्दर्शिकेचा कृष्णधवल सिनेमा. धुराने भरलेला एक जुनाट क्लब, सिगारेटी ओढणारी गिऱ्हाइकं, चौकटीची फरशी, आणि मधोमध ८० वर्षांचा डिलन. श्रेयनामावलीत क्लबचं नाव 'बॉन बॉन क्लब, मार्सेय'. चित्रीकरण प्रत्यक्षात कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाला. असा क्लब मार्सेयमध्ये शोधायला जाऊ नका. पडद्यावर मास्क लावून वाजवणारी तरुण मंडळी आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर नुसती बोटं फिरवत होती. वाजवणारे खरे लोक दुसरेच होते, त्यांची नावं नंतर कळली. त्यात टी बोन बर्नेट, डॉन वॉज, ग्रेग लाइस असे मुरलेले लोक.

यावरून बरीच चिडचिड झाली. तिकिटाचे पैसे देऊन प्लेबॅक बघायचा का, वगैरे. मला त्यात फसवणूक वाटली नाही. डिलनने आयुष्यभर स्वतःबद्दल थापा मारल्या आहेत, अगदी नावापासून. त्याच्याकडून साधासरळ 'लाइव्ह' कार्यक्रम अपेक्षित धरणाऱ्यांनी गेली ६० वर्षं नक्की काय ऐकलं, असा प्रश्न पडतो.

२ जून २०२३ ला हीच गाणी अल्बम म्हणून आली. सिनेमातली १३ आणि शेवटी 'सिएराज थीम' ही वादनाची एक चीज. चित्र गेलं, धूर गेला, मास्क गेले, आणि गाणी जास्त चांगली ऐकू यायला लागली.

पहिली गोष्ट कानाला जाणवते ती ड्रम नसल्याची. एकाही गाण्यात नाही. रॉकच्या माणसाने ड्रम काढले की सहसा 'अनप्लग्ड' छाप गोडगोड प्रकार होतो, शेकोटीभोवती बसून गायल्यासारखा. इथे तसं होत नाही. ताल उभ्या बास या खर्जाच्या तंतुवाद्यावर आणि गिटारच्या ठोक्यांवर पेललेला आहे, आणि मधल्या सगळ्या जागेत अकॉर्डियन वावरतं. (आपल्याला अकॉर्डियन म्हटलं की राज कपूरचे सिनेमे आठवतात. थोडा वेळ ते विसरा, हे अकॉर्डियन जास्त काळोखातलं आहे.) ठेका मागून ढकलत नाही, त्यामुळे ओळ कधी सोडायची, कधी रोखून धरायची हे सगळं गायकाच्या हातात येतं. डिलनला नेमकं हेच हवं असणार.

'टूम्बस्टोन ब्लूज' घ्या. १९६५ च्या 'हायवे ६१ रिव्हिजिटेड'मध्ये ते सुसाट पळतं, माइक ब्लूमफिल्डची गिटार मधूनमधून चावे घेते, आणि २४ वर्षांचा डिलन ओळींमागून ओळी फेकत सुटतो. शब्द कळले नाहीत तरी चालतं, वेग पुरतो. नव्या रेकॉर्डिंगमध्ये तो जवळजवळ बोलतोच. संथ, एकेक शब्द टेबलावर ठेवावा तसा. तेव्हा ज्या ओळी विनोदी वाटायच्या त्यांत आता धमकी ऐकू येते. नुसती म्हणण्याची तऱ्हा बदलली की गाणं किती बदलतं याचा एवढा चांगला नमुना माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

आणि जिथे अक्षरं बदलायची तिथे त्याने बेधडक बदलली आहेत. 'टू बी अलोन विथ यू' १९६९ च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'मधलं, दोनेक मिनिटांचं खुशालचेंडू कंट्री गाणं. प्रेयसीबरोबर एकटं असावं, एवढाच जीव. आता त्याचे शब्द जवळपास सगळे नवे आहेत आणि त्यातला एकांत चांगलाच संशयास्पद झाला आहे. गाणारा माणूस कुणाचा तरी हिशेब चुकता करून आला असावा असं वाटत राहतं.

हा गळा आला कुठून? २००५-१० च्या आसपासचं डिलनचं गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना ती घरघर आठवत असेल. मी भक्त आहे, तरी सांगतो, काही कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज सहन होत नाहीत. मग २०१५ ते २०१७ मध्ये त्याने 'शॅडोज इन द नाइट', 'फॉलन एंजल्स' आणि तीन डिस्कचा 'ट्रिप्लिकेट' काढले. बहुतेक सगळी फ्रँक सिनात्राने गायलेली जुनी अमेरिकन गाणी. नोबेल मिळालेला कवी दुसऱ्यांची गाणी गातोय म्हणून लोकांनी नाकं मुरडली. माझ्या मते तो त्याचा रियाझ होता. त्या गाण्यांत आरडाओरड चालत नाही, स्वर धरून ठेवावा लागतो, शब्द मऊ सोडावा लागतो. 'शॅडो किंगडम'मधलं 'क्वीन जेन अप्रॉक्सिमेटली' ऐका, ती शिकवणी कुठे कामी आली ते कळेल. १९६५ मध्ये त्या गाण्यात टोमणा होता. आता माया आहे.

हे ऐकून कुणीतरी हमखास म्हणतं की हे आपल्या ख्यालासारखंच झालं, बंदिश तीच, मांडणी रोज नवी. ही तुलना मला पटत नाही. ख्यालिया मैफिलीत जागा शोधत जातो, पुढच्या क्षणी काय होईल हे त्यालाही पूर्ण ठाऊक नसतं. इथे सगळं आधी ठरवून, बांधून, रेकॉर्ड करून ठेवलंय. इतकं पक्कं की त्यावर नंतर दुसऱ्यांनी वादनाचा अभिनय केला. डिलन स्टेजवर गाणी मोडतो, हो. टोकियोतल्या बुडोकान सभागृहात रेकॉर्ड केलेल्या १९७८ च्या अल्बममध्ये तर ओळखू येऊ नयेत इतकी मोडली होती. पण 'शॅडो किंगडम' हे मोडणं नव्हे. एखाद्या लेखकाने जुनं पुस्तक नव्या आवृत्तीसाठी हातात घ्यावं, तसं हे काम आहे.

निवडही बघा. सिनेमाचं उपशीर्षक होतं 'बॉब डिलनची सुरुवातीची गाणी'. तरी 'ब्लोइंग इन द विंड' नाही, 'लाइक अ रोलिंग स्टोन' नाही, 'टँबरीन मॅन' नाही. उलट 'व्हॉट वॉज इट यू वाँटेड' आहे, जे १९८९ च्या 'ओ मर्सी'मधलं. ते 'सुरुवातीचं' कसं, हे तोच जाणे. संबंध अल्बममध्ये ते मला सगळ्यांत जास्त आवडतं. प्रश्नामागून प्रश्न, उत्तर एकाचंही नाही, आणि मागे ते अकॉर्डियन. त्या मानाने 'वॉचिंग द रिव्हर फ्लो' ठीकठाक, नसतं तरी चाललं असतं.

'फॉरएव्हर यंग'ची मात्र मला धास्ती होती. १९७४ च्या 'प्लॅनेट वेव्ह्ज'मध्ये हे गाणं दोनदा आहे, एकदा संथ, एकदा जलद. मुलासाठी बापाने मागितलेला आशीर्वाद. लग्नसमारंभांत आणि जाहिरातींत वाजून वाजून त्याचा पार चोथा झालाय. पण तिशीतल्या बापाने म्हणणं वेगळं आणि ८० व्या वर्षी म्हणणं वेगळं. ज्यांच्यासाठी लिहिलं ती मुलंही आता पन्नाशी ओलांडलेली. गाणारा ते हळू म्हणतो, फार गळा काढत नाही, म्हणून निभावतं.

पैशाचा मुद्दा राहिलाच. डिलनच्या जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क सोनीने विकत घेतल्याची बातमी जानेवारी २०२२ मध्ये आली, आणि तो व्यवहार झाला होता जुलै २०२१ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात हा सिनेमा दाखवला त्याच महिन्यात. एका हाताने जुनी रेकॉर्डिंग्ज विकली आणि दुसऱ्या हाताने तीच गाणी नवी करून घेतली. यात ठरवून केलेलं काही असेलच असं मी म्हणत नाही. योगायोग असला तरी डिलनला शोभणारा आहे.

डिलनचा आवाज मुळातच झेपत नाही अशा मित्रांना मी हल्ली १९६५ चं काही ऐकवत नाही. सरळ या अल्बममधलं 'व्हॉट वॉज इट यू वाँटेड' लावतो, मग 'क्वीन जेन'. 'टूम्बस्टोन ब्लूज' तिसरं, त्याआधी अजिबात नाही. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. तो बास तिथे ऐकूच येत नाही.