‘कॅन्सर ९०% मनात असतो’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

‘कॅन्सर ९०% मनात असतो, ज्याचा आयुष्यावर कंट्रोल तोच जिंकतो हे रिसर्चने सिद्ध झालंय, म्हणून पेशंटला रिपोर्ट सांगू नका, फक्त पॉझिटिव्ह ठेवा.’ हा मेसेज फॅमिली ग्रुप्सवर फिरतोय आणि किमो चालू असलेली माणसंही तो वाचतात, म्हणून लिहितेय.

आधी ते ‘सिद्ध झालंय’. १९७९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये लंडनच्या स्टीव्हन ग्रिअर यांच्या टीमचा एक अभ्यास आला होता, ब्रेस्ट कॅन्सरच्या जेमतेम ६९ बायका, त्यात लढाऊ वृत्तीच्या बायकांचं बरं चाललेलं दिसलं, पण ज्या आजार चक्क नाकारत होत्या त्यांचंही, आणि हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. पुढे १९९९ मध्ये त्याच स्टीव्हन ग्रिअर यांचा सहभाग असलेल्या टीमने ५७८ बायकांवर प्रश्नावली वापरून पाहिलं तर लढाऊपणाचा जगण्या-मरण्याशी काही संबंध निघाला नाही. अगदी हतबल वाटणाऱ्यांमध्ये धोका थोडा जास्त दिसला, हे खरंय, पण म्हणून ती त्यांची चूक ठरत नाही.

बरं, मन सावरलं की आयुष्य वाढतं का? कॅनडात २००१ मध्ये पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या २३५ बायकांवर हे तपासलं. ग्रुप थेरपीने आयुष्य वाढलं नाही, पण त्रास आणि वेदना मात्र कमी जाणवल्या, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीसुद्धा ती मिळायलाच हवी.

दुसरं, कंट्रोल म्हणजे जिद्द नव्हे. तो मोजायच्या एका जुन्या प्रश्नावलीत १८ वाक्यं असतात आणि मार्क चार ठिकाणी वेगवेगळे पडतात: आजाराचं पुढे काय होणार हे माझ्या हातात किती, डॉक्टरांच्या किती, इतर माणसांच्या किती, नशिबाच्या किती. ‘सगळं माझ्याच हातात’ याला भरपूर मार्क पडले तर भारीच असं वाटेल, पण आजार उलटला की तीच बाई ‘मीच कमी पडले’ म्हणत बसू शकते, आणि हा मेसेज तिला नेमकं तेच शिकवतो.

आता ‘रिपोर्ट सांगू नका’, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आपल्याकडे फाईल मुलाच्या हातात, डॉक्टर बोलतात मुलाशी, आई बाहेर बाकड्यावर, आणि वर तिनेच कंट्रोल ठेवायचा म्हणे! लेस्ली डेग्नर यांच्या टीमने कॅनडात १०१२ ब्रेस्ट कॅन्सरच्या बायकांना विचारलं की उपचाराचा निर्णय कोणी घ्यावा (१९९७ चा अभ्यास). २२% म्हणाल्या मी, ४४% म्हणाल्या डॉक्टर आणि मी मिळून, ३४% म्हणाल्या डॉक्टरांनीच. पण जसं हवं होतं तसं झालं असं वाटणाऱ्या फक्त ४२%. त्या ३४% बायकाही दुबळ्या नव्हत्या, त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी सांगितलं की डॉक्टरांनी ठरवावं. आपल्या बाकड्यावरच्या आईला तेवढंही कोणी विचारलेलं नसतं.