रणदिव्यांची टीम आणि आमचा कट्टा

२०२५ च्या दिवाळीला चार-पाच दिवस होते, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नेहमीची टाळकी जमलेली आणि त्यात शेखर आलेला फॉल्समवरनं. फॉल्सम म्हणजे सॅक्रामेंटोच्या जवळचं गाव, आयटीवाल्या देशी लोकांनी भरलेलं, सात वर्षं झाली त्याला तिथं. अंगात जांभळा टीशर्ट, त्यावर 'लाइट द बीम', म्हणजे तिथल्या सॅक्रामेंटो किंग्स या एनबीए टीमची घोषणा (एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग), आणि हातात चक्क एक घंटा.

पक्याने घंटा उचलली आणि म्हणाला, "ही तर आमच्या मामाच्या गावाला म्हशीच्या गळ्यात असते, तू डॉलर देऊन आणलीस?" झालं. तिथनं जे सुरू झालं ते चणेवाला टोपली उचलून घरी गेला तरी चालूच होतं, त्यातलं जेवढं आठवतंय तेवढं लिहितोय. (शिव्या वगळल्यात. म्हणून जरा छोटं वाटेल.)

तर घंटेची गोष्ट अशी की २००० च्या आसपास लॉस एंजेलिसच्या लेकर्स टीमचा कोच फिल जॅक्सनने सॅक्रामेंटोला 'काऊ टाऊन' म्हणून हिणवलं, म्हणजे गुराढोरांचं गाव. गावाने काय करावं? लोक घंटा घेऊन मॅचला यायला लागले आणि लेकर्सच्या बेंचमागे बसून वाजवायला लागले. शेखर म्हणतो आपल्याकडे कुणी असं म्हटलं असतं तर दोन दिवस मोर्चे निघाले असते, यांनी शिवीचाच बँड केला. मला हे आवडलं, खरं सांगतो.

पण पक्याचा मुद्दा वेगळाच होता. "नाव किंग्स, आणि टायटल कधीचं?" मनाली लगेच, "१९५१." "म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा." मनाली कॉलेजला नागपाड्याला जाऊन बास्केटबॉल खेळायची, तिला हे सगळं पाठ आहे. ती म्हणाली ते एक टायटलसुद्धा या गावाचं नाही, तेव्हा टीम रोचेस्टरला होती, नाव होतं रॉयल्स, आणि फायनलला न्यूयॉर्कविरुद्ध ३-० पुढे असताना ३-३ करून घेतलं होतं आणि मग सातवी मॅच कशीबशी काढली. तिथनं १९५७ ला सिनसिनाटी, १९७२ ला कॅन्सस सिटी आणि ओमाहा असा दोन गावांत अर्धा अर्धा संसार, तिथे बेसबॉलचे रॉयल्स आधीच होते म्हणून हे किंग्स झाले, आणि १९८५ ला सॅक्रामेंटो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. अण्णा म्हणजे आमच्यातले सगळ्यात सीनियर, मुंबईत बास्केटबॉलच्या मॅचना बरीच वर्षं शिट्टी मारलेले. ते म्हणाले, "सिनसिनाटी म्हणता तर मॉरिस स्टोक्सचं नाव घ्या रे आधी." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यातल्या निम्म्यांना माहीतच नव्हतं. १९५८ चा मार्च, स्टोक्स ऐन भरातला प्लेअर, सीझनच्या शेवटच्या मॅचला पडला, डोकं आपटलं, शुद्ध गेली, त्याला हुंगवून उठवलं आणि परत खेळवला. तीन दिवसांनी प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, मॅचही खेळला आणि परतीच्या विमानात झटका आला, कोमात गेला आणि नंतर शरीर लुळं. वय २४. त्या काळात प्लेअरना आजच्यासारखे करार आणि विमे नव्हते. तर त्याचा टीममेट जॅक ट्वायमन, गोरा पोरगा, स्वतः पंचविशीच्या आत-बाहेरचा, त्याने कोर्टात जाऊन स्टोक्सचं पालकत्व घेतलं. स्टोक्स १९७० ला गेला, तोपर्यंत त्याच्या खर्चासाठी दरवर्षी चॅरिटी मॅच भरवायचा. आज एनबीए चांगल्या टीममेटला जे बक्षीस देते त्याला या दोघांचं नाव आहे.

"टायटल मोजताय," अण्णा म्हणाले, "हे कशात मोजणार?" पक्या दोन मिनिटं गप्प बसला, जे आमच्या कट्ट्यावर रेकॉर्ड आहे.

मग त्याच सिनसिनाटी टीमचा ऑस्कर रॉबर्टसन निघाला, १९६१-६२ चा सीझन, मॅचमागे ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट, अख्ख्या सीझनचा ॲव्हरेज ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी. आणि त्याला १९७० ला मिलवॉकीला देऊन टाकला, पुढच्याच वर्षी तिथनं तो टायटल जिंकला. मनाली म्हणाली, लक्षात ठेव, हे या टीमचं जुनं दुखणं आहे, माणूस इथनं गेला की फळतो.

आता खरा राडा झाला तो २००२ वर. शेखर तेव्हा दादरलाच होता, किंग्स कोण हे त्याला माहीतही नसणार, पण सात वर्षांत तिथल्या लोकांकडनं ऐकून ऐकून त्याच्या अंगात भिनलंय. वेबर, डिव्हात्स, बिबी, स्टोयाकोविच, कोच रिक ॲडलमन, सीझनला ६१ विजय, लीगमध्ये एक नंबर. वेस्टच्या फायनलला (लीगच्या पश्चिमेकडच्या अर्ध्या टीमची फायनल) लेकर्सविरुद्ध ३-२ पुढे आणि सहावी मॅच लॉस एंजेलिसला. त्या मॅचच्या शेवटच्या क्वार्टरला लेकर्सना २७ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) दिले. सत्तावीस! एका क्वार्टरला! "लेकर्सच्या कोबी ब्रायंटने बिबीच्या नाकावर कोपर मारलं, रक्त आलं, शिट्टी नाही," शेखर ओरडत होता. (कोबी म्हटलं की मनाली अजून हसते, तिच्या घरी त्या दिवशी कोबीचीच भाजी होती म्हणे.) १०६-१०२ ने हरले. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरसारख्या माणसाने लीगच्या कमिशनरला चौकशी करा म्हणून पत्र लिहिलं होतं, यावरनं समजा. पुढे २००८ ला डोनागी नावाचा सट्ट्यात अडकलेला रेफरी कोर्टात बोलला की २००२ ची एक मॅच मुद्दाम लांबवली, वर्णनावरनं सगळ्यांनी हीच मॅच ओळखली, लीगने ते झटकून टाकलं.

शेखरला वाटलं अण्णा त्याच्या बाजूने बोलतील. अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शिट्ट्या वाईट होत्या, मी बघितल्यात त्या टेप. मी असतो तर दुसऱ्या दिवशी घरातनं बाहेर पडलो नसतो. पण सातवी मॅच कुठे होती?" सॅक्रामेंटोला. "आणि फ्री थ्रो किती मारले?" शेखर गप्प. मनालीने सांगितलं, तीसपैकी सोळा, आणि थ्री पॉइंटर वीसपैकी दोन. ओव्हरटाइमला गेली ती मॅच, एखाद-दोन फ्री थ्रो जास्त पडले असते तरी फायनल. "ते चौदा काय रेफरीने चुकवले?"

यावर शेखर जे म्हणाला ते मला पटलं आणि अण्णांना नाही, की आदल्या मॅचला असं लुटल्यावर हात थरथरणारच ना. असो. पुढच्या वर्षी वेबरचा गुडघा गेला, २००६ ला ॲडलमन गेला आणि त्यानंतर सलग १६ सीझन प्लेऑफ नाही. एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ. त्या काळातले ड्राफ्ट (दरवर्षी टीम पाळीपाळीने नवे प्लेअर निवडतात ते) मनाली बोटांवर मोजत होती, २००९ ला करी शिल्लक असताना इव्हान्स, २०११ ला क्ले थॉम्पसन आणि कवाय लेनर्ड असताना जिमर, २०१२ ला लिलार्ड असताना रॉबिन्सन. पक्या म्हणाला हे तर असं झालं की बाजारात आंबे असताना माणूस दरवेळी पपई घेऊन येतो.

"अरे, मग जाऊ द्यायची होती ना सिएटलला," हा पक्याचा मेन मुद्दा. जुने मालक मालूफ बंधू, त्यांनी २०११ ला टीम ॲनाहाइमला न्यायचा घाट घातला, मग २०१३ ला सिएटलच्या ग्रुपबरोबर सौदा केला. पक्या म्हणे पुणे वॉरिअर्स बंद पडली तेव्हा कोण रडलं? शेखर म्हणाला पुण्याला दुसरं काय काय आहे, त्या गावात तेव्हा मोठ्या लीगची हीच एक टीम होती. तेव्हाचा मेयर केव्हिन जॉन्सन, स्वतः जुना एनबीए प्लेअर, आणि सॅक्रामेंटोचाच, त्याने दारोदार फिरून गिऱ्हाईक शोधलं. आणि गिऱ्हाईक कोण? विवेक रणदिवे. जुहूचा मुलगा.

इथे कट्टा उसळला, कारण रणदिवे म्हणजे आपलाच की! अमेरिकन कॉमेंटेटर त्याचं नाव असं काही घेतात की वाटतं इटलीचा आहे. एमआयटीला ॲडमिशन मिळाली आणि परकीय चलन मिळेना म्हणून सोळा-सतरा वर्षांचा हा पोरगा थेट रिझर्व्ह बँकेत जाऊन ठाण मांडून बसला असं सांगतात. पुढे सॉफ्टवेअरमध्ये पैसा केला, गोल्डन स्टेट वॉरिअर्स या दुसऱ्या एनबीए टीममध्ये हिस्सा घेतला, आणि २०१३ ला थोड्या आठवड्यांत ग्रुप जमवून किंग्स घेतली, ५३ कोटी डॉलरच्या वर किंमत लावून. बाकीच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी टीम हलवायला नाही म्हटलं. २०१६ ला डाऊनटाऊनमध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं, शहराने त्यात २५ कोटी डॉलरच्या वर घातले. २०१५ ला त्याने सिम भुल्लरला दहा दिवसांचं काँट्रॅक्ट दिलं, साडेसात फुटाचा पंजाबी वंशाचा कॅनडियन, एनबीएत खेळलेला पहिला भारतीय वंशाचा प्लेअर. आणि २०१९ च्या ऑक्टोबरला टीम वरळीच्या डोममध्ये आणली, इंडियाना पेसर्सविरुद्ध, भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच. पहिली ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ ने हरले, दुसरी १३०-१०६. पक्या दुसरीला गेला होता. "माहेरी येऊन पण दोन्ही हरले," म्हणाला, "तेव्हाच मी ओळखलं."

"आणि हा माणूस वॉरिअर्सचा हिस्सा विकून आला," मनाली म्हणाली, "नियमच आहे, दोन टीम ठेवता येत नाहीत. दोन वर्षांत वॉरिअर्स चॅम्पियन." यावर काय बोलणार.

माझं म्हणणं मी इथे मांडलं, कुणी फारसं ऐकलं नाही म्हणून परत लिहितो. या टीमचं वाटोळं घाईने होतं. आणि गंमत ही की टीम वाचली तीही घाईनेच. २०१३ ला रणदिव्यांनी थांबून, विचार करून, कमिटी बसवून ठरवलं असतं तर आज सगळे सिएटलला असते. जो स्वभाव तेव्हा कामी आला तोच नंतर नडला. कोच माइक मलोनला २०१४ ला काढलं, मेन प्लेअर कझिन्स आजारी होता, टीम ११-१३ वर होती, एवढंही धीर धरवला नाही, तोच मलोन २०२३ ला डेन्व्हरबरोबर चॅम्पियन झाला. रणदिवे आल्यापासून २०२५ पर्यंत, मलोनपासून डग क्रिस्टीपर्यंत धरून, १२ वर्षांत आठ कोच. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. २०१८ च्या ड्राफ्टला दुसऱ्या नंबरचा पिक (निवडीचा हक्क) हातात, समोर डोनचिच, आणि घेतला बॅगली. शेखर म्हणाला तो निर्णय जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर, डिव्हात्सचा (तोच, २००२ चा). मान्य, पण डिव्हात्सला खुर्चीवर कुणी बसवलं?

तरी २०२२-२३ चा सीझन काढला की शेखरचे डोळे चमकतात. हॅलिबर्टन पेसर्सना देऊन सबोनिस आणला होता (जो २०१९ ला वरळीत पेसर्सकडनंच आला होता, बघा), कोच माइक ब्राऊन, फॉक्स शेवटच्या पाच मिनिटांत वाघ, ४८ विजय, दुष्काळ संपला. जिंकले की छतावरनं जांभळा लेझर आकाशात. शेखर सांगत होता फ्रीवेवर गाड्या हॉर्न वाजवायच्या तो दिसला की, ऑफिसमध्ये अनोळखी माणूस हात मिळवायचा. प्लेऑफला वॉरिअर्सविरुद्ध २-० पुढे, मग सातव्या मॅचला त्यांच्या करीने घरात येऊन ५० पॉइंट मारले. तोच करी, २००९ ला शिल्लक असलेला.

आणि मग परत तेच. २०२४ च्या डिसेंबरला १३-१८ वर ब्राऊनला नारळ, २०२५ च्या फेब्रुवारीला फॉक्स सॅन अँटोनिओ स्पर्सना, शेवटी ४०-४२ आणि प्ले-इनला (प्लेऑफच्या आधीची पात्रता मॅच) डॅलसकडनं पराभव. हॅलिबर्टनने मात्र २०२५ ला पेसर्सना फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत नेलं, तिथं बिचाऱ्याची अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली ते सोडा.

पुढे काय, यावर दोन तट पडले. मनाली म्हणते मोडा सगळं. लाव्हीन आणि डिरोझन ही जोडी शिकागोत चालली नाही ती इथे आणून लावली, वर छत्तिशीचा वेस्टब्रूक. लाव्हीनला २०२५-२६ च्या सीझनला ४७ मिलियन डॉलरच्या वर द्यायचेत. सबोनिसची किंमत आहे तोवर विका, कीगन मरे, क्लिफर्ड, रेनो या पोरांना खेळवा, दोन वर्षं हरा, पुढच्या ड्राफ्टला पोरं जबरदस्त आहेत. फॉक्सच्या बदल्यात २०२७ चा स्पर्सचा आणि २०३१ चा मिनेसोटाचा पिक आलाय तो सांभाळा. पण डिरोझन आणताना २०३१ चा स्वतःचा पिक बदलून घ्यायचा हक्क स्पर्सना देऊन बसलेत, तो दगड गळ्यात आहेच.

शेखर म्हणाला, "तू इथे बसून मोडा म्हणतेस. सोळा वर्षं हरलेल्या माणसाला अजून दोन वर्षं हर म्हणून बघ." पक्या म्हणाला, "आरसीबीवाले अठरा वर्षं थांबले, मिळाला ना कप." अण्णा म्हणाले आरसीबीकडे कोहली अठरा वर्षं राहिला, यांच्याकडे अठरा महिने कुणी राहील का ते सांग.

मी मनालीच्या बाजूचा, पण मला भीती वेगळी आहे, मोडायला घेतील आणि अर्ध्यात कंटाळून परत कुणीतरी म्हातारा स्टार आणतील. २०२५ ला नवा जीएम स्कॉट पेरी आलाय, त्याला तीन वर्षं कुणी हात लावला नाही तर बघू.

शेवटी पैज लागली. शेखर ३८ विजय, पक्या २५ च्या आत, हरणाऱ्याने कीर्ती कॉलेजजवळचे वडापाव सगळ्यांना. शेखर तेव्हा फॉल्समला असणार म्हणून त्याने पैसे अण्णांकडे आत्ताच जमा केले, म्हणजे त्याचाही कितपत विश्वास आहे बघा.

उठता उठता पक्याने हळूच विचारलं, यांच्या मॅच इथे किती वाजता लागतात. शेखर म्हणाला त्यांची संध्याकाळी सात म्हणजे तुझी सकाळी साडेसात, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेआठ. "साडेआठ म्हणजे मी लोकलला असतो," पक्या म्हणाला आणि घंटा खिशात टाकून निघाला. शेखर मागनं ओरडतोय, अरे ती माझी आहे.