ब्लोअर, तळं की शोषखड्डा?

वादाची काडी टाकली इंजिनिअरनं. हजारभर वस्तीच्या खेड्यानं सांडपाण्याचं काय करावं, एवढाच प्रश्न होता. तो म्हणाला, "तयार प्लँट आणा, ट्रकमधून उतरवा, पाईप जोडा. विषय संपला."

"आणि वीज गेली की?" मास्तर.

"जनरेटर."

"डिझेल तू भरणार का?"

टोमणा असला तरी मुद्दा खरा होता. त्या प्लँटच्या टाकीत राबतात ते जिवाणू. आर्डर्न आणि लॉकेट या संशोधकांनी १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टरला ही रीत मांडली: मैलापाण्यात हवा सोडत राहायची, आणि घाण खाऊन वाढलेल्या जिवाणूंचा गाळ फेकून न देता नव्या पाण्यात परत फिरवायचा. शहराला ती मानवते. पण ही हवा सोडणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, बराच वेळ बंद राहिला की प्राणवायू संपतो, गाळ सडतो, आणि घडी पुन्हा बसता बसत नाही. त्यात लहान गावात पाणी येतं ते एकदम. सकाळी अंघोळी-धुण्याचा लोंढा, दुपारी जवळपास काहीच नाही. शहरातल्या लांबलचक गटारांत हा लोंढा वाटेतच पांगतो. इथं तो थेट टाकीवर आदळतो.

मास्तरांचा हट्ट तळ्यांचा. एकापाठोपाठ तीन. पहिलं ३ ते ५ मीटर खोल, तिथं हवेविना गाळ कुजतो. दुसरं दीडेक मीटर. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू जगतात. तिसरं मीटरभर, तिथं ऊन रोगजंतूंचा समाचार घेतं. जंतांची अंडी तर पाणी पुरेसे दिवस थांबलं की आपणच तळाशी बसतात.

"आणि जागा?" इंजिनिअर. "उष्ण हवेत माणशी २-३ चौरस मीटर तरी धरा. फ्रान्समध्ये ११ धरतात."

"अरे, एवढा खटाटोप कशाला?" भाऊ मध्येच म्हणाला. "घरोघरी शोषखड्डा मारा की!"

यावर मात्र दोघं एक झाले. न्हाणीच्या पाण्याला, जमीन निचऱ्याची आणि भूजल खोल असेल तर शोषखड्डा उत्तम. चिकणमातीत तो तुंबतो, आणि भेगाळ खडकात मैल्याचं पाणी न गाळता विहिरीत उतरतं. मग त्यातलं नायट्रेट उकळूनही जात नाही, उलट पाणी आटेल तसं दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, ती बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या काळजीपोटी.

माझं मत तिघांच्या मधलं. घरापाशी सेप्टिक टँक ठेवा आणि तिच्यातलं फक्त वरचं पाणी बारीक पाईपनं तळ्याकडे न्या. घट्ट मैला घरीच अडला की पाईपला फार उतार लागत नाही, खोदाई वाचते, आणि ते पहिलं, वास मारणारं तळंही बहुधा टळतं.

"आणि टाकी उपसायची कुणी?" भाऊनं बरोबर दुखरी नस धरली. इंजिनिअरनं री ओढली, "ब्लोअर थांबला तर आवाज बंद होतो, कळतं तरी. तुझी टाकी भरली हे पाईप तुंबल्यावरच कळणार."

तसं काही नाही. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळायचं, तळापर्यंत सोडायची, काही मिनिटांनी हळूच वर काढायची. फडक्यावर जिथवर काळं, तिथवर गाळ. खोलीचा तिसरा हिस्सा भरला की पंपाची गाडी बोलवायची. माणूस आत उतरवायचा नाही, काही झालं तरी! आतला हायड्रोजन सल्फाइड वायू दोन-चार श्वासांत आडवा करतो, आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही.

"बरं, उपसलेला गाळ?"

"वाळवायला वाफे करायचे. तळ्याशेजारी."

"म्हणजे अजून जागा!" इंजिनिअर टाळी द्यायला पुढे सरकला. मास्तरांनी काही टाळी दिली नाही. ते वाफ्यांचे चौरस मीटर मांडत बसले होते.