मास्क आधी स्वतःला आणि लगेच: विमानातील ऑक्सिजनविषयीच्या एका संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून नागपुरातील गृहसंकुलांच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘विमान कंपन्यांनी दडवलेले सत्य’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे सिलिंडर नसतात, त्यामुळे आणीबाणीत खाली पडणाऱ्या पिवळ्या मास्कमधून ऑक्सिजन येतच नाही, येतो तो रासायनिक धूर, आणि मरताना आरडाओरडा होऊ नये म्हणून त्याने प्रवाशांना गुंगी आणली जाते. जळका वास येणे आणि मास्कला जोडलेली पिशवी न फुगणे ही त्याची खूण असून ती दिसताच मास्क काढून टाकावा. थोडाफार ऑक्सिजन असलाच तर तो १२ मिनिटेच पुरतो, म्हणून आधी श्वास रोखून धरावा आणि अगदी असह्य झाल्यावरच मास्क लावावा. मुलाच्या आधी स्वतःला मास्क लावण्याची सूचना परक्या, स्वार्थी संस्कृतीतून आलेली असल्यामुळे आईने ती पाळू नये. मास्कमुळे नाका-कानांतून रक्त येते, ग्रीसमध्ये मास्क लावूनही सगळे मेले, आणि म्हणून शहाण्या माणसाने ऑक्सिजनचा आपला डबा सोबत न्यावा.

असे संदेश मी एरवी पुसून टाकतो. हा टाकता आला नाही, कारण प्रतापनगरला राहणारी माझी मावशी ४ वर्षांच्या नातवाला घेऊन विमानाने पुण्याला जाणार आहे आणि हा मजकूर वाचून तिचा निश्चय झाला आहे. “काही झालं तर आधी लेकराला लावीन, मग माझं पाहीन,” असे तिने मला सांगितले. मावशी विचारी बाई आहे. तिच्यासारखीलाही हे पटते, कारण संदेशातील सर्वांत घातक सल्ला आईच्या मायेच्या भाषेत लिहिलेला आहे. हे लिहिणाऱ्याने निदान ज्या मुलांची नावे पुढे केली त्यांचा तरी विचार करायला हवा होता.

सिलिंडर नसतात, हे बहुतेक विमानांच्या बाबतीत खरे आहे आणि संदेशातील बरीच गफलत या अर्धसत्यावर उभी आहे. देशांतर्गत मार्गांवर सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए ३२० आणि बोइंग ७३७ जातीच्या विमानांत प्रवाशांसाठी बहुधा रासायनिक ऑक्सिजन जनित्रे असतात. आसनांच्या वरच्या पट्टीत दडवलेल्या या छोट्या नळकांड्यांत मुख्यतः सोडियम क्लोरेट आणि थोडी लोहभुकटी असते. मास्क आपल्याकडे ओढला की त्याला बांधलेल्या दोरीने एक खीळ निघते, ठिणगी पडते आणि आतला गाभा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश तापत जातो. त्या उष्णतेने सोडियम क्लोरेटचे विघटन होऊन दोनच मुख्य गोष्टी उरतात: एक ऑक्सिजन आणि दुसरे सोडियम क्लोराइड, म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ. या क्रियेत क्लोरीनचा अंश तयार होऊ शकतो, तो शोषला जावा म्हणून मिश्रणात बेरियम पेरॉक्साइड घातलेले असते. गुंगी आणणारे कोणतेही द्रव्य यात नाही. बोइंग ७८७ सारख्या काही नव्या विमानांत तर रसायनाऐवजी प्रवाशांसाठी छोटे सिलिंडरच बसवलेले असतात.

जळका वास येतो, हेही खरे. नळकांड्याचे बाहेरचे कवच अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते आणि वर्षानुवर्षे त्यावर साचलेली धूळ करपते. वास आला याचा अर्थ जनित्र पेटले आहे आणि ऑक्सिजन सुरू झाला आहे. नेमक्या त्याच क्षणी मास्क काढायला सांगणे हा सल्ला किती भयंकर आहे, हे वेगळे सांगायची गरज नसावी. या नळकांड्यांतून खरोखर ऑक्सिजन निघतो का, अशी शंका असणाऱ्यांनी ११ मे १९९६ ची अमेरिकेतील दुर्घटना आठवावी. व्हॅल्यूजेट कंपनीच्या विमानाच्या मालकक्षात मुदत संपलेली अशीच जनित्रे सुरक्षेची टोपणे न लावता ठेवली होती. ती पेटली, त्यांच्याच उष्णतेने आणि ऑक्सिजनने आग भडकली आणि ते विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळून ११० माणसे गेली.

आता गुंगीविषयी. या बाबतीत संदेशाने सत्य पार उलटे केले आहे. गुंगी, सुस्ती, ‘आता काय होईल ते होवो’ अशी निश्चिंतता ऑक्सिजन मिळाल्याने येत नाही. ती ऑक्सिजन तुटल्याने येते. ३५,००० फुटांवरही हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते, परंतु हवेचा एकूण दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक-चतुर्थांश उरतो आणि फुप्फुसांतून रक्तात ऑक्सिजन ढकलण्याइतका जोर त्यात राहत नाही. एरवी केबिनमधील दाब सुमारे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असावा तितका राखला जातो, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. तो दाब गेला की माणसाला गुदमरल्यासारखे वाटेल, अशी बहुतेकांची समजूत असते, पण तसे घडतेच असे नाही. गुदमरल्याची भावना मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने येते. विरळ हवेत श्वास सोडता येतो, तो वायू बाहेर पडत राहतो आणि धोक्याची घंटा वाजतच नाही. वैमानिकांना कमी दाबाच्या कक्षात बसवून हाच अनुभव मुद्दाम दिला जातो. तिथे कागदावर सोपी आकडेमोड करायला सांगितलेल्या माणसाचे अक्षर बिघडत जाते, उत्तरे चुकू लागतात, आणि त्याला मात्र आपण अगदी व्यवस्थित आहोत असे वाटत असते.

म्हणूनच ‘असह्य झाल्यावर मास्क लावा’ हा या संदेशातील सर्वांत मूर्खपणाचा मुद्दा आहे. असह्य होणारच नाही. २५,००० फुटांवर माणूस ३ ते ५ मिनिटे स्वतःचे भान राखून उपयोगी हालचाल करू शकतो. ३५,००० फुटांवर हा अवधी अर्धा ते एक मिनिट इतकाच असतो आणि दाब एकाएकी गेला तर तोही निम्म्यावर येतो. हे आकडे निरोगी, शांत बसलेल्या प्रौढाचे आहेत. घाबरलेल्या, धडपडणाऱ्या किंवा आजारी माणसाने त्याहून कमी वेळ धरावा. या संदेशातील प्रत्येक सूचना प्रवाशाला थांबायला, वास घ्यायला, पिशवी पाहायला आणि मग ठरवायला सांगते. आणि ऑक्सिजन तुटल्यावर सर्वांत आधी जाते ती हीच ठरवण्याची शक्ती.

श्वास रोखणे तर निव्वळ निरुपयोगी नाही, ते अपायकारक आहे. बाहेरचा दाब झपाट्याने उतरतो तेव्हा फुप्फुसांतली हवा प्रसरण पावते. तोंड-नाक बंद करून ती आत कोंडली तर फुप्फुसाच्या नाजूक ऊतींना इजा होऊ शकते. शिवाय दाब इतका उतरल्यावर फुप्फुसांतील ऑक्सिजनची पातळी रक्तातील पातळीच्याही खाली जाऊ शकते आणि मग रक्तातला ऑक्सिजन उलट दिशेने बाहेर पडू लागतो. श्वास रोखून वाचवण्यासारखे काही हाती राहत नाही. मास्क न लावल्याने ऑक्सिजनची बचतही होत नाही, कारण एक जनित्र साधारणपणे एका ओळीतल्या २ ते ४ मास्कना पुरवठा करते आणि त्यांतला कोणताही एक मास्क ओढला की ते सुरू होते. एकदा सुरू झालेली ही रासायनिक क्रिया थांबवता येत नाही.

आता मावशीच्या मुद्द्याकडे वळतो. आईने किंवा आजीने आधी स्वतःचा मास्क लावायचा, यात स्वार्थ शोधणाऱ्याने केवळ वेळेचा हिशेब करून पाहावा. स्वतःच्या तोंडावर मास्क ओढून पट्टी डोक्यामागे टाकायला सराव नसलेल्या माणसालाही काही सेकंद पुरतात. घाबरून रडणाऱ्या, मान फिरवणाऱ्या, मास्क हाताने दूर सारणाऱ्या ४ वर्षांच्या मुलाला तो लावायला किती वेळ लागेल, हे ज्याने मुलाला एकदा तरी नेब्युलायझरचा मास्क लावला आहे त्याला सांगावे लागणार नाही. हाताशी असलेली १५ किंवा ३० सेकंदे त्या झटापटीत गेली तर मोठ्या माणसाचे हात आधी अडखळतात, मग थांबतात. मग मास्क अर्धवट लागलेले मूल आणि त्याच्या शेजारी शुद्ध हरपलेली आजी अशी अवस्था होते, आणि ४ वर्षांचे मूल आजीला मास्क लावू शकत नाही. याउलट आजीने आधी स्वतःचा मास्क लावला आणि त्या काही सेकंदांत मूल निस्तेज झाले, अगदी बेशुद्ध झाले, तरी ते तिच्या शेजारीच असते, तिचे डोके ठिकाणावर असते, आणि मास्क लागताच मूल लवकर शुद्धीवर येते. मेंदूला कायमची इजा व्हायला मिनिटे लागतात. हात निकामी व्हायला सेकंदे पुरतात. सूचनेचा सगळा आधार या दोन अवधींतल्या फरकात आहे आणि ती मुलाच्याच जिवासाठी केलेली आहे. आधी स्वतःला लावणारी आजी नातवाला मागे ठेवत नाही, त्याला वाचवू शकणारे एकमेव माणूस ती जागे ठेवते. (मांडीवरच्या तान्ह्या मुलासाठी मास्क नसतो, असेही संदेशात एके ठिकाणी म्हटले आहे. मास्कची संख्या आसनांपेक्षा किमान १० टक्के जास्त असावी असा विमान प्रमाणीकरणाचा नियम आहे आणि जादा मास्क केबिनभर विखरून ठेवलेले असतात. तान्ह्या मुलांना ठरावीक आसनांवरच बसवतात त्यामागे हेही एक कारण आहे.)

ग्रीसचा दाखला मात्र टाळून पुढे जाता येणार नाही. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाका येथून अथेन्सला निघालेले हेलिओस एअरवेजचे बोइंग ७३७ विमान कोसळले आणि त्यातील सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांचे मास्क खाली पडले होते, लढाऊ विमानातून पाहणी करणाऱ्या वैमानिकाला मास्क लावून निश्चल बसलेले प्रवासी दिसले होते, हे सगळे खरे आहे. परंतु ग्रीक अपघात अन्वेषण मंडळाचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अहवाल संदेशलेखकाने वाचला असता तर हे उदाहरण त्याने दिले नसते. केबिनचा दाब राखणाऱ्या यंत्रणेची कळ देखभालीच्या तपासणीनंतर ‘स्वयंचलित’वर परत आणली गेली नव्हती आणि वैमानिकांच्याही ते लक्षात आले नाही. विमान सुमारे १२,००० फुटांवर असताना धोक्याचा भोंगा वाजला. उड्डाणापूर्वीच्या चुकीच्या जुळवणीसाठीही तोच आवाज असल्यामुळे वैमानिकांनी त्याचा वेगळा अर्थ लावला आणि आपले मास्क लावले नाहीत. सुमारे १८,००० फुटांवर प्रवाशांचे मास्क पडले, विमान मात्र चढतच राहिले. वैमानिक बोलत होते, जमिनीवरच्या अभियंत्याशी बिघाडाची चर्चा करत होते, आणि त्यांचे भान जात असल्याचे त्यांना कळले नाही. पुढे स्वयंचलित यंत्रणेने ते विमान ३४,००० फुटांवर नेले आणि इंधन संपेपर्यंत उडवत ठेवले.

प्रवाशांच्या मास्कमध्ये सुमारे १२ मिनिटांचा ऑक्सिजन होता. तो संपला तेव्हाही विमान वरच होते. म्हणजे १२ मिनिटांचा आकडा खरा आहे, हे मला मान्य करावे लागते, आणि विमान कंपन्या तो प्रवाशांना उघडपणे सांगत नाहीत, हेही मान्य. पण हा अवधी का पुरतो, ते संदेश सांगत नाही. दाब गेल्याचे कळताच वैमानिक स्वतःचे वेगळ्या सिलिंडरवर चालणारे, एका हाताने ५ सेकंदांत चढवता येणारे मास्क लावतात आणि विमान झपाट्याने १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. ३५,००० फुटांवरून तिथवर यायला साधारण ५ ते ७ मिनिटे लागतात. हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाताना इतके खाली येता येत नाही, म्हणून तशा मार्गांसाठी अधिक काळ पुरणारा ऑक्सिजन आणि आधीच आखलेल्या सुटकेच्या वाटा लागतात. नागपूर-पुणे मार्गाच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फुटांचे आहे. हेलिओसचे प्रवासी मास्कमुळे गेले नाहीत. वैमानिकांनी मास्क लावले नाहीत, आणि त्यामुळे विमान खाली आणणारे कोणी उरले नाही.

राहिलेले मुद्दे लवकर संपवतो. पिशवी न फुगणे हा बिघाड नव्हे. श्वास जोरात आणि वारंवार घेतला किंवा प्रवाह कमी असला तर ती सपाट दिसते, ऑक्सिजन नळीतून येतच असतो. उरलेली हवा मास्कच्या झडपेतून केबिनमधून घेतली जाते, त्यामुळे मास्क हवाबंद नसल्याची संदेशातील तक्रारही गैरलागू आहे. नाका-कानांतून रक्त येण्याची गोष्ट २० सप्टेंबर २०१८ च्या मुंबई-जयपूर विमानातली आहे. तिथे इंजिनांतून केबिनला हवा पुरवणारी कळ चालू करायची राहून गेली, दाब उतरला आणि काही प्रवाशांना तो त्रास झाला. रक्त आले ते दाबातील बदलामुळे. मास्क तर दाब उतरल्यानंतर खाली पडले. संदेशासोबतच्या चित्रात मास्क फक्त तोंडावर लावलेला दाखवला आहे, तोही चूक आहे. नाक आणि तोंड दोन्ही झाकले गेले पाहिजे. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत इंजिन फुटून खिडकी तुटलेल्या विमानातील छायाचित्रांत अनेक प्रवासी हीच चूक करताना दिसले होते.

ऑक्सिजनचा डबा सोबत नेण्याचा सल्ला तर सोनेगावच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीपर्यंतही टिकणार नाही. लडाखला जाणारे पर्यटक विकत घेतात तसला डबा म्हणजे दाबाखाली भरलेला वायू. तो विमानात नेता येत नाही. यात एकच गोष्ट गांभीर्याने घेण्यासारखी आहे. फुप्फुसांचा किंवा हृदयाचा जुना विकार असलेल्या काही रुग्णांना विमान सुरळीत उडत असतानाही, केबिनमधल्या नेहमीच्या दाबाला, जादा ऑक्सिजन लागू शकतो. डोक्यावरचे मास्क त्यासाठी नसतात आणि ते मागणीनुसार उघडूनही दिले जात नाहीत. अशा रुग्णांनी तिकीट काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज त्यांच्याकडून भरून घ्यावा, आणि कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे छोटे यंत्र) न्यायचा असेल तर त्याच्या प्रकाराला कंपनीची परवानगी आहे का आणि प्रवासाच्या एकूण वेळेपेक्षा जास्त काळ त्याची बॅटरी पुरते का, हे आधीच पाहून घ्यावे.